निळं पाणी

(अमेरिकेतलं नोव्हाय गाव, जानेवारीतली सकाळ. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हिंग टेस्टला निघालेली शिवांगी आणि स्वेटरवर शाल पांघरून उभी असलेली तिची सासू, नंदा. शिवांगीचा नवरा केदार बाहेरगावी गेलाय.)

शिवांगी : आई, गाडीच्या काचेवरचा बर्फ वितळायच्याऐवजी वाढतोय. स्प्रे मारतेय तिथे नवा थर जमतोय.

नंदा : अजून मार थोडा.

शिवांगी : अर्धी बाटली संपली. आणि याला वासच नाही. आई, यात काय आहे?

नंदा : पाणी.

शिवांगी : साधं पाणी?

नंदा : फिल्टरचं.

शिवांगी : आणि आतलं निळं पाणी?

नंदा : बेसिनमध्ये ओतलं. जरासंच तर उरलं होतं. बाटली चांगली होती, साबणानं धुतली.

शिवांगी : अहो, काचेवरचा बर्फ वितळायचा त्यानं. मग परत गाडीत का ठेवलीत?

नंदा : काम झालं की वस्तू जागेवर ठेवते मी.

शिवांगी : कसलं काम?

नंदा : आज सकाळच्या इस्त्रीचं. तुझ्या शर्टाच्या चुण्या निघून नव्हत्या राहिल्या. पाणी शिंपडायला काही तं पाहिजे ना.

शिवांगी : हा शर्ट? जॅकेटच्या आत कुणाला दिसणारे तो?

नंदा : दिसो न दिसो. परीक्षेला चुरगळलेली जाशील का?

शिवांगी : जाईन की नाही हाच प्रश्न आहे आता. बर्फ खरवडायचा स्क्रेपर केदारच्या गाडीत, ती गाडी एअरपोर्टवर. हीटरला वेळ लागतो. आजचा स्लॉट गेला की पुढचा थेट मार्चमध्ये, आणि सोमवारी नोकरीवर जॉइन व्हायचंय. इथून तिकडे बस नाही, आई. किती वर्षं वर्क परमिटची वाट बघत घरात बसले मी.

नंदा : गरम पाणी आणू का?

शिवांगी : काच तडकेल. प्लीज, काही करू नका.

नंदा : थांब, आलेच.

शिवांगी : आई, कुठे निघालात? घसराल हां. आई!

नंदा : हे घे. घरात फुसफुस करणारं जे दिसलं ते पिशवीत भरलं.

शिवांगी : हा डासांचा आहे.

नंदा : हा?

शिवांगी : तव्यावर मारायचं तेल. काचेला लावलं तर रस्ताच दिसायचा नाही. हा नाकाचा. हा केदारच्या केसांचा.

नंदा : आणि हे हाताला मारायचं. कोविडपासून कपाटात पडून आहे.

शिवांगी : दाखवा. सत्तर टक्के अल्कोहोल. मारून बघते... आई, सुटतंय. कडेनं सुटतंय बघा.

नंदा : निळ्यात पण हेच होतं का?

शिवांगी : साधारण हेच. मगाशी मी फार जोरात बोलले तुम्हाला.

नंदा : बोललीस खरी. लागलं मला. पण तुझा जीव वरखाली होऊन राहिला होता, दिसत होतं ते. टेस्टला जाताना गाडीत लायसन्सवालं कुणी लागतं ना, ती बघ, तुझी शैलजाकाकू आली शेजारी बसायला. निघ आता.

शिवांगी : तुम्ही आत जा, गारठून जाल.

नंदा : अमेरिकेत आल्यापासून आतच आहे मी.

शिवांगी : पास झाले तर तुम्हाला घेऊन जाते. कुठे जायचंय सांगा. देवळात? मॉलमध्ये?

नंदा : कुठे असं काही नाही गं. मला न्यायला आज कुणाला सुट्टी आहे का, हे न विचारता निघायचं.