आबांची फुंकर

जळगाव स्टेशनचा पूल चढून-उतरून भिकुबाईंना दम लागला होता. त्या बाकावर टेकल्या. शेजारी एक अनोळखी म्हातारे, चुडामण आबा, नातीची ट्रंक खाली ठेवून, धापा टाकत बसले. नात प्रमिला मुंबईला फिजिओथेरपीच्या परीक्षेला निघाली होती.

"पोरी, अजून सांगस, घर चाल. श्वास लेवाले कोनी शिकाडस का? तो आपोआप चालस," आबा तिला म्हणाले.

"मग आत्ता का अडलाय, आबा?"

"ट्रंक जड शे तुनी."

"खांदे सैल सोडा. पोटावर हात ठेवा. नाकानं श्वास घ्या, पोट फुगू द्या."

"लोक दखी राह्यनात!"

"बघू देत. आता गरम चहावर घालता तशी फुंकर. हळू. अजून हळू."

आबांनी ओठांचा चंबू करून हळूच फुंकर सोडली.

"पुन्हा एकदा."

"अरे! छाती मोकळी वाटी राह्यनी."

"दम्याच्या, हृदयाच्या आजाऱ्यांना हेच शिकवतो आम्ही. ऑपरेशन झालेल्यांना खोकायचंसुद्धा."

"खोकानं बी शिकाडतस?"

"जखमेवर उशी दाबून धरायची, मग दुखत नाही."

"पास व्हयनी, मंग?"

"धुळ्याला दवाखान्यात नोकरी करीन. घरून जाऊ दिलं तर."

"तुना बापले मी सांगसु. ऊठ, गाडी उनी."

भिकुबाईंना राहवलं नाही. "पोरी, माले बी जरा दखाड ना!"

प्रमिला वळली, तोच आबांनी तिच्या हातात ट्रंक दिली.

"तिले जाऊ द्या, अक्का, परीक्षा शे तिनी. मी दखाडस. पोटवर हात ठेवा."