तळघरातले तीन संगणक आणि सासूबाईंचा आवाज

सन्माननीय अध्यक्ष हॅलोरनसाहेब, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आज निवृत्त होत असलेल्या मार्लीन कोस्केलाबाई, आणि केक कधी कापणार याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बाईंनी अठ्ठावीस वर्षं डुलुथच्या आपल्या ग्रंथालयाचे सर्व्हर सांभाळले. त्या नेमकं काय करतात हे कुणालाच कळलं नाही, कारण कधी काही बंदच पडलं नाही. मी पडलो प्रोग्रॅमर, मला सगळंच कळत होतं. जेवताना मी त्यांना समजावलंही, की आता सिस्टिम अ‍ॅडमिनचे दिवस संपले. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे डब्यात बंद. डबा बिघडला की एकत्र जोडलेल्या संगणकांचा क्लस्टर आपोआप नवा मांडतो. माणूस हवाच कशाला? बाईंनी शांतपणे सूप संपवलं.

हे सिद्ध करायला मी घरच्या तळघरात तीन संगणक जोडले. घरच्या एका छोट्या वेबसाइटसाठी तीन. त्याला विद्वत्ता लागते. त्यावर चढवल्या माझ्या दिवंगत सासूबाईंच्या आवाजातल्या चाळीस कॅसेट. फिनिश भाषेतल्या गोष्टी, गोड पावाची कृती, शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या. मूळ कॅसेट टाकून दिल्या. घरात पसारा कशाला?

मार्चमध्ये मी एक किरकोळ सुधारणा केली. क्लस्टरनं जुने डबे फेकले, नवे मांडले. पडद्यावर सगळं हिरवंगार, म्हणजे ठीकठाक, आवाज मात्र एकही नाही. दोन दिवस मी दुरुस्ती केली, म्हणजे उरलंसुरलं पुसत बसलो. शेवटी माझी बायको करीन हिनं मला न विचारता बाईंना फोन केला.

शनिवारी सकाळी बाई आल्या. बूट काढले आणि आधी तिन्ही संगणक बंद केले. मग विचारलं, "बॅकअप कुठंय?"

मी म्हणालो, क्लस्टर स्वतःला सावरतो.

"सावरला की," त्या म्हणाल्या. "आवाज डब्यातच ठेवले होतेस तू. डबा त्यानं टाकला. त्याला काय माहीत, आत कुणाची आई आहे?"

दिवसभर डिस्क खरवडून त्यांनी एकतीस कॅसेट परत मिळवल्या. पहिली लावली. सासूबाई कुणाच्या तरी गाईबद्दल तक्रार करत होत्या. करीन तळघराच्या पायरीवर बसली आणि ऐकत राहिली. उरलेल्या नऊ आल्या नाहीत.

तर मंडळी, घरच्या हौसेसाठी क्लस्टर चालवायला बाईंची विद्या लागते का? मुळीच नाही. चालवायला काहीच लागत नाही. बिघडला की मार्लीनबाई लागतात, आणि त्या उद्यापासून मासे धरायला जाणार आहेत.

बाई, मनापासून आभार. अध्यक्षांनी दिलेली वेळ मी ओलांडली आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर आपण उदार मनानं क्षमा करावी. घरी ती अजून मिळायची आहे.