बोलणं पुरतं झालं

चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारी दोघी बहिणी नंबराची वाट बघत होत्या.

"ताई, मुलांचं मैदान दवाखान्याला द्या, असं सभेत बोलायची काय गरज होती?"

"वाटलं ते बोलले."

"फोनवर किती शिव्या खाल्ल्यास! शेजारणीनेही बोलणं टाकलं."

"काल पुन्हा सभा होती. मी उठले तशी आरडाओरड सुरू झाली. तेवढ्यात फुटबॉलचे सर उभे राहिले."

"तुला गप्प करायला?"

"लोकांना! म्हणाले, बाईंचं मला अजिबात पटत नाही, पण ऐकलंच नाही तर खोडून काय काढू?"

"मग?"

"मी सगळं बोलले. त्यांनी एकेक मुद्दा खोडला. मैदान राहिलं."

"म्हणजे हरलीस!"

"हरले गं. घरी येऊन पोटभर जेवले आणि गाढ झोपले."