पाचला वाढवा

(सकाळचा फोन. संयोगिता साताऱ्याला विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात. रामगोंडा कवठे महांकाळच्या शाखेतले शिपाई.)

संयोगिता : पण काका, तुम्हीच परवा म्हणालात ना, 'उद्या पाचला वाढवा' म्हणून?

रामगोंडा : व्हय, म्याच म्हणलं की.

संयोगिता : म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये वेळ वाढवली. रोज सातपर्यंत असतं, ते नऊपर्यंत केलं. सगळ्या मुलांच्या मोबाईलवर गेलं. मुलं आली, तर दाराला कुलूप. अकरा तक्रारी आल्यात माझ्याकडं.

रामगोंडा : आवं ताई, वाढवा म्हंजी कुलूप लावा.

संयोगिता : वाढवा म्हणजे बंद?

रामगोंडा : आमच्या बाचं किराणाचं दुकान हुतं. 'बंद कर' म्हणलं की पाठीत धपाटा. दुकान वाढवायचं. नारळ न्हाई का वाढवत आपण? बांगडी फुटली म्हणतंय का कोण?

संयोगिता : नारळाचं ठीक आहे. ग्रंथालयाचं कुणी म्हणत नाही, काका.

रामगोंडा : दारच की त्येबी.

संयोगिता : बरं. मग पावणेसहाला परत उघडल्याची नोंद कशी?

रामगोंडा : पोरांनी फोन लावला, 'मोबाईलवर नऊ दावतंय' म्हणली. परीक्षा तोंडावर, समदी पायरीवर बसल्याली. सायकल काढली अन् आलो. नऊला वाढवलं.

संयोगिता : पण पाचला बंद करायचं होतं कशासाठी?

रामगोंडा : ते ऱ्हाऊ द्या.

संयोगिता : राहू कसं देऊ? साहेबांना कारण कळवायचंय. नाहीतर चूक तुमच्या नावावर जाईल.

रामगोंडा : जाऊ द्या की. पुढल्या वर्साला रिटायरच हाय.

संयोगिता : काका, सांगा.

रामगोंडा : आमची सुंदरी, तुमची काकू, पडून असती. हात चालत न्हाई, भरवाय लागतंय. आमी जैन, दिवस बुडल्यावर तोंडात काय घालत न्हाई. एरवी शेजारची राजमती भरवती. ती म्हायेरी गेल्या. थंडीत दिवस सहालाच बुडतोय.

संयोगिता : आणि काल?

रामगोंडा : ताट वाढलं, एक घास दिला, तवर फोन. म्हणली, जावा, पोरं खोळंबल्यात. परत आलो तवा ताट तसंच झाकून.

संयोगिता : म्हणजे काकू उपाशी राहिल्या. माझ्यामुळं.

रामगोंडा : तुमच्यामुळं कशाला? सकाळी मऊ भात खाल्ला तिनं. लय हसली, माझ्या 'वाढवा'चं नऊ झालं सांगितल्यावर.

संयोगिता : राजमतीताई कधी येणार?

रामगोंडा : आईतवारी.

संयोगिता : मग एकाच दिवसाचं का मागितलंत?

रामगोंडा : रोज मागाय लाज वाटती, ताई.

संयोगिता : थांबा. रविवारपर्यंत रोज पाच ते साडेसहा मधली सुट्टी टाकते. पुढं सातऐवजी साडेआठपर्यंत उघडं. मुलांना आधीच कळेल, कुणी फोन करणार नाही. साहेबांना मी सांगते, चूक माझी होती.

रामगोंडा : चूक कुणाचीच न्हाई, पोरी. अन् कारण काय लिवलंस?

संयोगिता : 'पाच ते साडेसहा, ताट वाढायचं आहे.' हे तरी बरोबर आहे ना?

रामगोंडा : व्हय. आज पाचला वाचून दाखवतो तिला.