चिंचेचं रान

कीर्तनाला निघालेल्या पद्मजाताई मध्यवर्ती बसस्थानकात वाळूजच्या गाडीची वाट बघत होत्या. मागच्या बाकड्यावर दोघे भाऊ बसलेले. धाकटा कंपनीच्या कपड्यांत, थोरला लासूरकडं गावी परत निघालेला. धाकट्याच्या मोबाइलवर शेतीचा खेळ चालला होता आणि थोरला त्यात डोकावत होता.

“सांडू, तिथं पाऊस कधी हाय?”

“उद्या. खेळातल्या टीव्हीवर सांगितलं की पडतोच, दादा.”

“पडतोच? आन् आपल्याकडं तिसरं साल कोरडं! बांधाला कोण हाय?”

“कुणीच नाय. भांडायलाबी माणूस नाय.”

“लई नशीबवान! वर काय लिवलंय? चिंचेचं रान? ते तर माझ्या वाटणीला आलंय!”

“व्हय. नाव तेवढं मी घेतलं.”

“बदल.”

“एकदा ठेवलं की बदलत नाय.”

“मग मोडून टाक समदं. माझं रान भेगाळलंय, आन् त्याच नावानं तुझं हिरवंगार? माझ्यानं बघवत नाय.”

“दोन वर्षं राबलोय त्यात, दादा.”

“मोड म्हणतो ना!”

“घे. तूच मोड तुझ्या हातानं.”

वाळूजची गाडी लागली. पण आख्यान ऐन रंगात आल्यावर उठवत नाही, तसंच पद्मजाताईंचं झालं.

“सांडू, ह्यो कोपरा कोरडा कसा?”

“आज पाणी द्यायचं राहिलं.”

“राहिलं? अरे, पाणी असून देत नाय? कुठं दाबायचं?”

“त्या झारीवर. दादा, लासूरची गाडी लागली बघ.”

“जाऊ दे तिला. दोन वाफे राहिलेत.”