कॅनडाला जाणारा कागद

मी खरं सांगितलं तरी घरात कुणी मानत नसे, कारण मी चौथी शिकलेली. धाकटा भाऊ सुधाकर इंजिनिअर. त्याचं शिक्षण तिकडे चालतं का ते तपासायला कॅनडावाल्यांनी पदवीचा मूळ कागद महिन्याच्या आत मागितला, नाहीतर जाणं रद्द. आणि कागद सापडेना.

आई म्हणाली, "तूच चुलामा घाला व्हई!" म्हणजे मीच तो चुलीत घातला असेल.

सुधाकर म्हणाला, "अक्काला कागदाची किंमत काय कळणार?"

हे मला झोंबलं. तो कागद मी शेवटचा पाहिला होता त्याच्या साखरपुड्यात, सासरच्यांना दाखवताना. धुळ्याहून एसटी धरली, जळगावला बदलली आणि सावद्याला त्याच्या सासऱ्यांच्या बैठकीत जाऊन उभी राहिले. समोर भिंतीवर पदवी! काच, चौकट, वर हार.

"आबा, हे इथं कसं?"

"जावईबापूंनीच दिलं. केळीचे व्यापारी येतात, त्यांना दाखवतो."

"उतरवा."

"अहो अक्का, भिंत उघडी दिसेल."

"मग जावयाचा फोटो लावा. हार नका घालू, जिवंत आहे अजून."

चौकटीसकट घरी आणली, सगळ्यांसमोर पाटावर ठेवली आणि विचारलं, "आता बोला, कागद कुणी घालवला?"

आई पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलली, "सुधाकर."