चार वाजता शिडं

ताई: ...तीन दिवस, अरे! आई गेली आणि तू आज फोन करतोस?

धाकटा: कॅप्टनसाहेबांनी त्याच दिवशी फोन पुढे केला होता, ताई. नंबरच आठवेना.

ताई: घरचा नंबर?

धाकटा: हो. त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. बसायला खुर्ची दिली. बसलो. मग चार वाजले. चारला शिडं उभारायची असतात.

ताई: त्या दिवशीसुद्धा?

धाकटा: साठ पाहुणे हातात पेले घेऊन डेकवर उभे असतात गं. शिडांसाठीच तर या बोटीवर येतात. आम्ही सहा जण दोर ओढतो, संगीत लागतं, शिडं वर जातात. खाली इंजिन चालूच असतं.

ताई: म्हणजे सगळा देखावाच?

धाकटा: वारा असला की खरंच चालते शिडांवर. त्या दिवशी नव्हता. एक बाई म्हणाल्या, फोटो हलला, पुन्हा करता का? पुन्हा उतरवली, पुन्हा चढवली.

ताई: माणूस आहेस की दगड?

धाकटा: काय माहीत. हात आपले चालत होते. तळव्याची सालं निघालीत, ते जेवायला बसलो तेव्हा कळलं. मीठ झोंबलं.

ताई: कॅप्टन तुला जवळच्या बंदरावर सोडायला तयार होते. मला तसं कळवलंही त्यांनी. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला ठेवलं. बाबा दारातून हलेनात. शेवटी शेजारचे काका म्हणाले, आता उरका.

धाकटा: नाही म्हणायचं असं ठरवलं नव्हतं मी. तोंडातून गेलं. ते ‘बरं’ म्हणाले, मी खाली आलो.

ताई: पण का रे?

धाकटा: घरी आलो असतो तर ती गेलेली असती. इथे कुणाचंच काही गेलेलं नाही.

ताई: मला नाही कुणी विचारलं, बोटीवर जातेस का म्हणून. तिची गादी मी उचलली. औषधं मी फेकली.

धाकटा: हो गं.

ताई: ‘हो गं’ नको. बाबांशी बोल. परवापासून एक अक्षर बोललेले नाहीत.

(ताई फोन वडिलांच्या कानाला लावते.)

धाकटा: बाबा, मी... मला यायला हवं होतं.

बाबा: वारा आहे का रे तिकडे?

धाकटा: आज आहे. इंजिन बंद केलंय.

बाबा: शांत वाटत असेल.

धाकटा: हो. बाबा, उद्या दुपारी बंदर लागतंय. मी उतरतो. आत्ताच जाऊन सांगतो साहेबांना.

बाबा: सावकाश ये. तिचं कपाट अजून उघडलं नाही आम्ही. तू आलास की तिघं मिळून उघडू.